कॉम्प्युटरची घरघर

पंखा नवा बसवला होता, तरी घरघर गेली नव्हती. तिने टेबलाखाली वाकून लोखंडी खोक्यावर हात ठेवला. पत्रा बारीक थरथरत होता, ताप भरलेल्या माणसासारखा.

"काय म्हणतंय?" आईने दारातून विचारलं. ती हल्ली या खोलीत पाऊल टाकत नसे. जे बोलायचं ते उंबऱ्यापाशी उभी राहून.

"तेच."

"तुझे बाबा होते तेव्हा हूं नाही की चूं नाही. दिवसदिवस चालायचं. ते गेले आणि यानं रडं लावलंय. पार स्वयंपाकघरात ऐकू येतं. मला ते सहन होत नाही गं. उद्या भंगारवाल्याला बोलाव आणि देऊन टाक."

"आजचा दिवस बघते ना, आई."

"बघ. पण आजचाच." आई गेली. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज सुरू झाला, गरजेपेक्षा जरा मोठा.

बाबा घरी बसून नकाशे काढायचे. जन्मात कधी न पाहिलेल्या गावांच्या पायवाटा त्यांना पाठ होत्या. शेवटचा नकाशा अर्धाच राहिला. त्यात एक निळी नदी डोंगरातून निघून पठारावर यायची, दोन वळणं घ्यायची आणि थांबायची. पुढे नुसतं पांढरं. तिने तो नकाशा स्वतःच्या लॅपटॉपवरही उघडून पाहिला होता. नदी तीच होती, पण ती कोणीतरी काढली आहे असं तिथे वाटत नव्हतं. इथे, या खुर्चीत, या जुन्या पडद्यावर वाटायचं, ते हात धुवायला गेलेत, आत्ता येतील आणि नदी पुढे नेतील. हे आईला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून ती दुरुस्तीच्या मागे लागली होती.

आधी तिने आतली धूळ ब्रशने काढली होती. मऊ, राखाडी धूळ. ती झटकताना तिचा हात क्षणभर थांबला होता. तिने सगळे स्क्रू आवळले. खोक्याच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवून पाहिल्या. शेवटी खोकं उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने ते टेबलावर आडवं घातलं, चालू केलं आणि हनुवटीला हात लावून बसून राहिला. काही म्हणता काही आवाज नाही.

"ताई, माझ्याकडे ही सून असते," तो म्हणाला, "तुमच्याकडे आली की लेक होते."

मग त्याने पंखा बदलून दिला. त्याच्या टेबलावर पुन्हा सगळं शांत. घरी आणून टेबलाखाली उभं केलं, आणि लेक बोलायला लागली.

आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती खुर्चीत मागे रेलली. दुपारचं ऊन खिडकीतून येऊन फरशीवर पसरलं होतं आणि पडद्यावरच्या नदीचा निळा रंग त्यात विरत चालला होता. घरघर एकसुरी होती. ऐकता ऐकता ती लांब गेली, पाण्यासारखी झाली. तिच्या पापण्या जड झाल्या. नदी दुसऱ्या वळणावरून जराशी पुढे सरकली. पांढऱ्यात ओल उतरली. काठावर कोणीतरी पाठमोरं वाकून पाण्याची खोली बघत होतं. तिला हाक मारावीशी वाटली. पण हाक मारली की माणूस वळतो, आणि वळला की स्वप्न मोडतं, हे तिला झोपेतही कळत होतं. तिचं अंग सैलावलं. पाय बाजूला कलले.

आणि पाणी थांबलं.

तिने डोळे उघडले. वीज गेली असेल, तिला वाटलं. पण पडदा उजळलेलाच होता. नदी जागच्या जागी होती. कॉम्प्युटर चालू होता आणि खोलीत इतकी शांतता होती की बाहेर कोणाच्या तरी सायकलची साखळी ऐकू आली.

तिने खाली पाहिलं. तिचा डावा गुडघा खोक्याला टेकला होता.

तिने गुडघा उचलला. घरघर. टेकवला. शांत.

ती हळूच वाकली आणि पत्र्यावरून बोटं फिरवली. गुडघा टेकला होता तिथेच पत्रा आत दबलेला होता, उथळ बशीसारखा. सगळ्या स्क्रूंनी धरूनही तो सैल राहत होता, तो यामुळेच. असा खळगा एका दिवसात पडत नाही. वर्षानुवर्षं कोणीतरी नदीत बुडून, थोडं तिरकं बसून, न कळत त्याला टेकत आलं होतं. दबवलंही त्यानेच आणि गप्पही त्यानेच ठेवलं होतं. तिने गुडघा पुन्हा त्या खळग्यात ठेवला. तो तिला जरा मोठा होत होता.

ती हलली नाही. श्वाससुद्धा तिने जपून घेतला.

स्वयंपाकघरातली भांडी थांबली होती. नळ बंद झाला. मग तिकडून आईचा आवाज आला. हल्लीचा थकलेला नव्हे, पूर्वीचा, कामात गुंतलेला, किंचित करवादलेला.

"अहो, चहा टाकू का?"