पहिला शिक्का

हाँगकाँगची नगरसभा लोकांच्या मतांनी निवडली जावी, असा अर्ज गोऱ्या गव्हर्नरकडे जायचा होता. मॉक मास्तर तो घेऊन दुकानोदुकानी फिरत होते. सगळ्यात वर आपलाच शिक्का आहे, हे ते प्रत्येकाला सांगत. सहीऐवजी नावाचा शिक्का उठवायची तिथली रीत.

चहाचे व्यापारी सिउ काका मात्र शिक्का नुसता हातात घेऊन बसले होते. रेडिओवर चीनमधलं कँटन शहर पडल्याची बातमी चालू होती. कम्युनिस्टांची लाल फौज आता सरहद्दीपासून फार लांब नव्हती.

"मास्तर, उद्या गव्हर्नर बोटीत बसून घरी गेला, तर हा कागद कोणाच्या हाती पडेल?"

"असंच घाबरत राहिलो काका, तर जन्मभर गोऱ्याचंच ऐकावं लागेल."

काकांनी शिक्का डबीत परत ठेवला. तळातला एक झिजलेला शिक्का काढून त्यांनी तो लाल शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.

मास्तरांनी नाव वाचलं. "हा तर तुमच्या वडिलांचा. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली."

"म्हणूनच. त्यांना आता कोण धरून नेणार?"

मास्तर भडकले. "मेलेल्या माणसाच्या नावावर हक्क मागताय? थोडी तरी लाज बाळगा."

काका रागावले नाहीत. त्यांनी कागदाची गुंडाळी पार वरपर्यंत उलगडली आणि पहिल्या शिक्क्यातल्या नावावर बोट ठेवलं.

"तुझा बाप माझा दोस्त होता, मास्तर. त्याच्या शवपेटीला खांदा दिलाय मी."