पिवळा ठिपका

प्लॅस्टिकची पिशवी टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवून अण्णा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. नवा मासा पाण्यात सोडण्याआधी पिशवी पाव तास तरी अशी ठेवायची असते, नाहीतर त्याला धक्का बसतो. नातीची शाळेची बस यायला वीस मिनिटं होती.

हा पाचवा गोलू होता.

पहिला गोलू नातीने स्वतः निवडलेला, नारिंगी आणि गुबगुबीत. त्याला सोबत हवी म्हणून अण्णांनी आठ महिन्यांपूर्वी हौसेने कासव आणलं. दुकानदाराने तेव्हाच बजावलं होतं, "आजोबा, यांचं जमायचं नाही. त्यातून तुमची टाकी एवढीशी. एका म्यानात दोन तलवारी कशाला?"

पण चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस असा ऐकतो होय! घरी येऊन अण्णांनी बिनदिक्कत सांगितलं, "दुकानदार म्हणाला, खुशाल ठेवा."

मुलाने कपाळाला आठी घातली. सून म्हणाली, "राहू द्या हो. बाबांनी एवढ्या हौसेने आणलंय."

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी टाकीत अर्धाच गोलू उरला होता. घरात अजून कुणी उठलं नव्हतं. अण्णांनी तो जाळीने काढला, कागदात गुंडाळला आणि दुपारी आपल्या घड्याळाच्या दुकानातून मधेच उठून तसाच दुसरा आणून सोडला. खरं सांगायची वेळ तीच होती. ती टळली आणि मग टळतच गेली. कासव परत द्यावं तर 'का' म्हणून विचारलं असतं. पहिल्या दुकानदाराला तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून आता ते तिसऱ्या दुकानात जायचे, तेही मान खाली घालून.

त्यात मागच्या महिन्यात आणखी एक लाज पदरात पडली.

त्या आठवड्यात सुनेने टाकी घासली होती. कासवाचा बसायचा दगड दोन दिवस खिडकीत वाळत पडला होता आणि पाणी काठोकाठ होतं. गोलूला पोहायला ऐसपैस जागा झाली म्हणून नात खूश. मग दगड परत आत गेला आणि त्याच संध्याकाळी, दुकानातून आल्यावर, अण्णा टाकीपाशी थबकले.

जेवताना त्यांनी विचारलं, "कासवाच्या पाठीवरचा तो पिवळा ठिपका डावीकडे होता ना गं?"

"उजवीकडे आहे की, बाबा," सून वाढता वाढता म्हणाली. "पहिल्यापासून."

"मला तर विचारूच नका," मुलगा हसला. "मला त्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठली तेही कळत नाही."

नात कासवाला घाबरायची. ती त्याच्याकडे बघायचीच नाही.

अण्णाही हसले, पण जेवण आटपताच पुन्हा टाकीपाशी जाऊन उभे राहिले. सात महिने रोज पाहिलेला ठिपका ज्याला धड आठवत नाही, त्याने लोकांची घड्याळं उघडावीत? दुसऱ्या दिवशी चिमट्यात मोहरीएवढा स्क्रू धरला आणि तो नक्की कुठल्या भोकातला, याची पहिल्यांदाच खात्री वाटेना. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचा धीर झाला नाही. दहा दिवसांनी त्यांनी चिमटे, पेचकस आणि डोळ्याला लावायचं भिंगसुद्धा पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याला देऊन टाकलं आणि दुकानाची किल्ली जागेच्या मालकाच्या हातात ठेवली.

"बरं झालं, आता आराम करा," मुलगा म्हणाला. सून उठून पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली.

बेल वाजली. अण्णांनी घाईने मासा सोडला आणि पिशवी खिशात कोंबली.

नात दप्तरासकट टाकीला चिकटली. "आजोबा, गोलू आज असा कोपऱ्यात का बसलाय?"

"झोपेतून उठलाय."

"आजोबा, माझी मैत्रीण घर बदलतेय. तिचे दोन मासे मी घेणार आहे! तिची आई कासव मासे खाईल म्हणून घाबरत होती. मी सांगितलं, आमचं कासव काहीच करत नाही. आमच्या आजोबांनी दुकानात नीट विचारलंय."

खिशातली ओली पिशवी मांडीला थंडगार लागत होती. आजोबांनी नीट विचारलंय! भरल्या बाजारात कुणी कान पिळला असता तरी त्यांना एवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं नसतं.

संध्याकाळी नात खाली खेळायला गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. सून भाजी चिरत होती.

"सूनबाई, थोडं बोलायचं होतं."

"बोला ना, बाबा."

"दुकानदार ठेवा म्हणाला नव्हता. ठेवू नका म्हणाला होता. मी खोटं बोललो." त्यांनी चौकट घट्ट धरली. "चार मासे गेले. हा पाचवा. पोरीला फसवत आलो इतके महिने. डोळे गेले ते गेलेच, पण अक्कलही गेली होती माझी. त्या दुसऱ्या पोरीचे मासे तेवढे आणू देऊ नकोस."

सुरी थांबली. सून खालीच बसली.

"तो दगड मी काढला होता, आठवतंय? कासवाला दोन दिवस टेकायला जागाच नव्हती. माझ्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर उलटं तरंगत होतं. तुम्ही दुकानात होतात. तुम्ही एवढ्या हौसेने आणलेलं... मी धावत जाऊन तसलंच दुसरं आणलं."

अण्णांचा उजवा हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला. भिंग तिथे नव्हतं.

सुनेने पदराने तोंड झाकलं.

"ठिपका डावीकडेच होता, बाबा."