पाजतं कोण?

"पोरीचं वजन परत वाढलंय. कोल्ड्रिंक बंद करा म्हटलं होतं ना?" दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या आणि आईच्या डोक्यात संशयाचं भूत शिरलं. चोरून पाजतंय कोण? घरी येऊन तिने सासूबाईंच्या उशीखाली हात घातला, नवऱ्याचे खिसे उलटे केले, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दम भरला. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

शेवटी लेकीच्याच दप्तरात केशरी बाटली सापडली, अर्धी संपलेली.

"खरं सांग, कोणी दिली?"

"मीच घेतली. पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त मिळते."

"घरात पाण्याचा कॅन असतो ना?"

"तो दुपारीच संपतो."

"मग नळ काय शोभेला आहे?"

लेक गोंधळली. "तूच म्हणतेस ना, त्याला गटाराचा वास येतो, थेंबसुद्धा तोंडात घ्यायचा नाही?"

दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री करून आणि आता ओरडून आईच्या घशाला कोरड पडली होती. तिने कॅन हलवून पाहिला, नळाकडे पाहिलं. सासूबाई बघत नाहीत याची खात्री केली आणि हळूच बाटलीचं झाकण उघडलं.