हातचं काम

शामलानं नळी चिमट्यात धरली आणि उकळत्या पाण्यात सोडली. प्रयोगशाळेत दुसरं कोणी नव्हतं, सगळे हॉलमध्ये टेबलं मांडायला गेले होते. नळीतला अर्क दिसायला होता तसाच राहिला, वासालाही तसाच राहिला. फक्त त्यातला गुण मेला. तिनं नळी थंड पाण्याखाली धरली, कोरडी पुसली आणि तिच्यावर मधुसूदनच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. इतकं बरं तिला वर्षभरात कधी वाटलं नव्हतं.

१९७६ साली नागपुरात एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला दोघादोघांना मिळून एक प्रकल्प करावा लागे. शामला आणि मधुसूदनचा प्रकल्प संत्र्याच्या बुरशीवर होता. सडक्या संत्र्यावर वाढणाऱ्या एका बुरशीचा अर्क गढूळ संत्रारसात टाकला, की चहापाणी होईस्तोवर रस नितळ होई. कामाची वाटणी मधुसूदननं पहिल्याच दिवशी करून टाकली होती. "डोक्याचं काम मी बघतो, हातचं तू बघ," असं तो म्हणाला आणि त्यात आपलं काही चुकलं असं त्याला वाटलंही नाही.

हातचं म्हणजे काय, ते शामलालाच ठाऊक. सडकी संत्री वेचायला संत्रा मार्केटात तीच जायची. "काहून वं पोरी, चांगली नाही का दिसून राहिली तुले?" असं म्हणत दलाल हसायचे. कन्हानला घरी जाताना बसमध्ये पिशवीच्या वासानं शेजारची बाई उठून दुसरीकडे बसायची. कितीतरी बुरशा वाढवून पाहिल्या तेव्हा त्यातली एक कामाची निघाली. घरची बाई विरजण मोडू देत नाही, तशी ती बुरशी शामलानं या नळीतून त्या नळीत लावत जिवंत ठेवली, अगदी दिवाळीच्या सुट्टीतही. मधुसूदन तेव्हा वाचनालयात पंख्याखाली बसून प्रस्तावना लिहीत होता.

प्रदर्शनात एका प्रकल्पावर एकच नाव चालायचं, असा नियम होता. ज्याच्या नावाचा प्रकल्प पहिला येईल त्याला कॉलेजातच संशोधनाची जागा मिळणार होती. आदल्या दिवशी तक्ता लागला. वर ठळक अक्षरात मधुसूदनचं नाव. तळाशी बारीक अक्षरात आभार : प्राचार्य, ग्रंथपाल, लहानू शिपाई आणि कु. शामला.

"माहं नाव काहून नाही वर?" तिनं विचारलं.

"खाली आहे ना, लहानूच्या शेजारी," मधुसूदन म्हणाला. "आणि तुला नाव हवं कशाला? तुझं लग्न झालं, की संपलं सगळं."

मार्गदर्शक बोकारे सरांकडे ती गेली, तर त्यांनी मान वर न करता "आपसात पाहून घ्या," एवढंच सांगितलं. बसमध्ये ती कामठीपर्यंत रडली. कामठी गेल्यावर रडू थांबलं आणि संताप उरला. जळून खाक होईल असा संताप. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हॉलकडे गेले, तेव्हा ती प्रयोगशाळेत मागे राहिली आणि तिनं पाणी उकळायला ठेवलं.

हॉल भरलेला होता. परीक्षक बाहेरगावचे, वयस्क आणि कमी बोलणारे. मधुसूदन मात्र भरभरून बोलला. बुरशी आपल्याला कशी सापडली, ते त्यानं इंग्रजी शब्द पेरत सांगितलं आणि जादूगाराच्या थाटात अर्क रसात ओतला. चहा आला. चहा पिऊन झाला. रस गढूळच होता. मधुसूदननं पेला उजेडात धरला, हलवला, पुन्हा धरला. मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. त्याच्या कपाळावर घाम आला आणि शामलानं तो डोळे भरून पाहिला. तिला लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, अर्काचं काम माझ्याकडे नव्हतंच," मधुसूदन घाईघाईनं म्हणाला. "संत्री आणण्यापासून अर्क काढण्यापर्यंत सगळं हिनं केलंय. मी हातसुद्धा लावलेला नाही."

"बुरशी शोधली कोणी?"

"हिनंच."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी फक्त लिहून काढलं, सर. हवं तर आमच्या सरांना विचारा."

बोकारे सरांनी नाइलाजानं मान डोलावली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सगळे शामलाकडे बघू लागले. तिच्या वर्गातल्या मुलींनी तर बिचारी म्हणून तोंडाला पदर लावला.

परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं. "प्रकल्प फसला, तरी कुणाच्या तरी नावावर फसावा लागतो," ते कोरडेपणानं म्हणाले. "कोणाचं नाव लिहू?"

"हिचंच लिहा, सर. माझं खोडून टाका."

परीक्षकांनी तक्त्यावरचं मधुसूदनचं नाव खोडलं. त्याच्यावर शामलाचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि बोकारे सरांचीही सही घेतली. मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे, सर. एकूण एक काम माझंच आहे."

शामला खाली वाकली. टेबलाखालच्या बर्फाच्या डब्यातून तिनं दुसरी नळी काढली आणि परीक्षकांच्या समोर ठेवली.

"सह्या झाल्या ना, सर?" ती म्हणाली. "मग आता हा अर्क टाकून पाहा. हा मी उकळलेला नाही."