केबिनमधली पाहुणी

"तोंड फिरव. तिकडं, पाण्याकडं," रामकिसन ओठ न हलवता म्हणाला.

द्वारकाबाईनं पदर नाकापर्यंत ओढला आणि समुद्राकडं तोंड केलं. तिला तरी दुसरं काय बघायचं होतं? पणजीच्या बोटीनं भाऊचा धक्का सोडून तासही झाला नव्हता. जन्मात पहिल्यांदा एवढं पाणी दिसत होतं, आणि तेही आता चोरून बघायचं.

"कोण हाय?"

"श्रीधरपंत. आपल्या तहसिलीतला कारकून. सीलिंगचं टेबल त्याच्याकडं. बायको बी हाय संगं."

"वळखतो तुम्हाला?"

"मला चांगला वळखतो. तुला कधी बघितलं नाय."

कुणाच्या कुटुंबाकडं कायद्याहून जास्त जमीन आहे ते हुडकायचं आणि सरकारजमा करायचं, हे त्या माणसाचं काम. आणीबाणी उठली तरी त्याची कलम थांबली नव्हती, आणि चितेगावच्या रामकिसनचं प्रकरण अजून त्याच्याच टेबलावर होतं. लाच खाणारा असता तर एवढी धास्ती नव्हती. खाणाऱ्याचं तोंड बंद करता येतं. श्रीधरपंत चहासुद्धा स्वतःचा पीत. त्यांना शौक एकच, माणसं खोटं बोलताना पकडायची. आणि शौकाचा भाव ठरवता येत नाही.

"तुम्हीच म्हणला व्हता, समुद्रात कोण वळखतंय," ती पुटपुटली.

"मला काय ठाऊक, हा मराठवाडा सोडून पाण्यात येईल म्हणून?"

निघताना कसर ठेवली नव्हती. त्यानं चितेगावात सांगितलं, ट्रॅक्टरचं सामान आणायला मुंबईला चाललो. तिनं खुलताबादेत शेजारणींना सांगितलं, घृष्णेश्वराचं दर्शन करून मावशीकडं जाते. वेरूळला ती त्याच एसटीत चढली, पण नाशिक येईपर्यंत तो मागच्या बाकावर आणि ती पुढच्या. तिकीटसुद्धा ज्याचं त्यानं काढलं. येताना मात्र पणजीहून टॅक्सी करायची, घाट बघत कोल्हापूरला उतरायचं, असा बेत होता. टॅक्सीत शेजारी बसायचं, हे तिनं आधीच ठरवून टाकलं होतं.

दोघं केबिनमध्ये जाऊन बसली. आत भट्टी पेटली होती.

"माघारी जाऊ या का? रत्नागिरीला उतरू," तो म्हणाला.

"उतरताना दिसलो तर?"

तो उठून दाराला कडी लावून आला.

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "तुम्ही अंधारात यायचं अन् उजाडायच्या आत जायचं. कुत्रं भुंकलं तरी माझा जीव जातो. एकदा दिवसाउजेडी संगं बसावं म्हणलं, तर हे."

"हळू बोल. त्यानं आपल्याला एका जागी बघितलं तर गेलंच सगळं."

दुपारनंतर बोट हलायला लागली. रामकिसनचा चेहरा आधी पिवळा पडला, मग हिरवा. "इथंच थांब, बाहेर येऊ नको," एवढं बजावून तो धावत सुटला आणि कठड्यावर ओणवा झाला. ती दाराआडून बघत राहिली. दोनदा, तीनदा, चौथ्यांदा तो ओकला. मग तिच्यानं राहवेना. ती तांब्या घेऊन पळाली, एका हातानं त्याचं कपाळ धरलं, दुसऱ्यानं पाठ चोळायला लागली.

"असं आतल्या आत गिळू नका, येऊ द्या सगळं!"

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "आलं चघळायला द्या, वहिनी. लगेच उतार पडतो."

ती वळली. श्रीधरपंतांची बायको प्रमोदिनीबाई हसत उभ्या होत्या. शेजारी श्रीधरपंत. तेही हसत होते, पण फक्त ओठांनी.

"रामकिसनराव! तुम्ही, आणि बोटीवर?"

"व्हय... जरा... ट्रॅक्टरचं सामान आणायला."

"ट्रॅक्टरचं सामान गोव्याला मिळतं वाटतं," श्रीधरपंत म्हणाले. "आणि ह्या?"

"ह्या... पाहुण्या हायेत."

"पाहुण्या. आणि केबिन एकच?"

रामकिसननं तोंड पुसलं. पुसतच राहिला.

बिचाऱ्या प्रमोदिनीबाईंना यातलं काही उमगलं नव्हतं. समुद्राची ओटी भरायला आणलेला कुंकवाचा करंडा त्यांच्या हातात होता. "अहो, काय साहेबी चौकशी लावलीय! सुट्टीवर आलोय ना आपण? या वहिनी, कुंकू लावते."

त्यांनी बोट कुंकवात बुडवलं.

"थांब," श्रीधरपंत म्हणाले. आवाज मऊ होता, अगदी मऊ. "आधी कळू तर दे. घरच्याच ना ह्या, रामकिसनराव? सरळ हो म्हणा. लाजायचं काय त्यात? माणसानं बायकोला फिरवूच नये का?"

रामकिसननं द्वारकाबाईकडं पाहिलं. 'हो' म्हटलं की सुटका, असा सोपा दरवाजा समोर उघडा होता. त्याचे ओठ हललेसुद्धा.

"नाय," द्वारकाबाई म्हणाली.

तिनं पदर डोक्यावरून मागं सारला आणि श्रीधरपंतांच्या डोळ्यांत बघितलं.

"बायको नाय. ठेवलेली हाय मी यांची. दोन वर्सं झाली. अजून काय इचारायचंय?"

प्रमोदिनीबाईंचं बोट हवेतच राहिलं. मग त्यांनी ते कुंकू हळूच करंड्याच्या कडेला निपटलं, झाकण लावलं आणि चटका बसल्यासारख्या चार पावलं मागं सरल्या. श्रीधरपंतांनी द्वारकाबाईला खालून वर आणि वरून खाली न्याहाळलं. चेहऱ्यावरचं हसू विरलं; डाव हातचा गेलेल्या माणसासारखे ते दिसायला लागले.

"अस्सं," ते म्हणाले. "मला वेगळंच वाटलं होतं. चालू द्या." आणि बायकोला घेऊन पलीकडच्या बाजूला निघून गेले.

रामकिसनची मान वर होत नव्हती.

"द्वारके," तो अखेर म्हणाला, "एवढं घाण नाव लावून घ्यायची काय गरज व्हती गं?"

"मग काय सांगायचं व्हतं?" ती म्हणाली. "बावीस वर्सांची लग्नाची बायको हाय, अन् फारकत नुसती जमीन वाचवायला कागदावर घेतली, असं?"