नायिकेची जुनी ओळख

सहाव्या वर्षापासून बालकलाकार म्हणून नाव काढलेली छकुली आज पहिल्यांदाच नायिका म्हणून सेटवर उभी होती, तीही थेट सुपरस्टारसमोर. त्याने नुसतं नाक मुरडलं तरी नायिका बदलली जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

प्रसंग प्रेमाचा होता. सुपरस्टारने तिचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाहिलं आणि चक्क वाक्यच विसरला. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. सुपरस्टार तिला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाला, "तुला मी आधी कुठेतरी पाहिलंय. खरं सांग, लहानपणी एखाद्या सिनेमात माझी मुलगी तर झाली नव्हतीस ना? लोक माझं वय काढतील गं!"

"छे हो, सर! तुमची मुलगी मी कधीच नव्हते."

त्याचा जीव भांड्यात पडला. घाम टिपत तो हसला. "मग कोण होतीस?"

छकुलीने आधी कुणी ऐकत नाही ना, ते पाहिलं.



"तुमच्या पहिल्या सिनेमातले लहानपणीचे तुम्ही मीच होते, सर! केस कापून, हाफपँट घालून."