झडती

अण्णांचा थोरला कारखान्याच्या गेटवर कामगारांच्या पिशव्या तपासायचा. त्याला सगळं जगच चोर दिसे, मग जन्मदाता बाप तरी कसा सुटणार? एकदा सकाळी अण्णांच्या उशीवर बीपीची अख्खी गोळी सापडली आणि घरातही झडती सुरू झाली.

"अण्णा, आ करा. जीभ वर!" रोज जेवणानंतर त्याची टॉर्च बापाच्या तोंडात.

"अरे, गिळतो रे बाबा. परत वर येते, त्याला मी काय करू?"

"असल्या थापा गेटवर रोज ऐकतो मी," म्हणत तो सदऱ्याचे खिसे, उशीचा अभ्रा उलटापालटा करी.

पुढे घासही वर यायला लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घशातून दुर्बीण घातली. नंतर बापलेकापुढे फोटो धरला. अन्ननलिकेच्या भिंतीला एक पिशवी लोंबत होती आणि तिच्यात अर्धवट विरघळलेल्या तीन गोळ्या.

"ऑपरेशन करून ही काढली की सगळं नीट खाली उतरेल. यात यांचा काही दोष नाही हं."

अण्णांनी मोठ्या आशेने लेकाकडे पाहिलं.



"बघा!" तो टेबलावर थाप मारत म्हणाला, "मी म्हणत नव्हतो, कुठेतरी चोरखिसा असणार म्हणून?"